सांधे शाबूत

पडद्यावर उजवा पंजा उमटला आणि नाव वाचायच्या आधीच बुरुलला तो ओळखू आला. करंगळीचं शेवटचं पेर अनामिकेकडे कललेलं होतं, एखाद्याने कानात काही सांगायला मान वाकवावी तसं. तो बाक तिच्या सासरच्या घराण्याचा होता. रोज सकाळपासून ती माणसांची हाडं पाहायची आणि चेहरे विसरायची. हा बाक विसरण्यातला नव्हता. आणि त्याच करंगळीच्या मुळाशी, तळहातातल्या हाडाच्या मानेवर, एक काळी तिरपी रेघ होती. हाडाचं डोकं तळव्याच्या बाजूला झुकलं होतं. विद्यार्थ्यांना हे हाड दाखवताना ती विचारायची, हे कशाने मोडतं, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःची मूठ वळून टेबलावर ठेवायची. आज खोलीत विद्यार्थी नव्हते. तिने टेबलाखाली मांडीवर ठेवलेला आपला हात पाहिला. मूठ आपोआप वळली होती.

"बुरुल ओरोझोव्ना," एक्स-रे काढणारी ल्यूबा दारातून डोकावली, "तुमचा राजपुत्र आलाय खाली. गाडीच्या दारात हात सापडला म्हणे. रडत नाहीये, पण चेहरा असा केलाय की त्या दारालाच दया यावी."

"पाहिलं," बुरुल म्हणाली.

"मग लिहा ना, मी नेऊन देते. आणि नीट लिहा हो. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय?"

मागच्या वेळी असं झालं होतं की अहवाल रशियनमध्ये न लिहिता किर्गिझमध्ये लिहायचे असा वरून हुकूम आला, आणि किर्गिझ न वाचणाऱ्या म्हाताऱ्या सर्जनसाठी कॉम्प्युटरने त्यांचं भाषांतर करायचं ठरलं. सांध्याला किर्गिझमध्ये मुऊन म्हणतात. पिढीलाही मुऊनच म्हणतात. बुरुलने कुणाच्या तरी गुडघ्याखाली 'मुऊन शाबूत' असं लिहिलं आणि सर्जनच्या टेबलावर 'पिढीला इजा नाही' असं पोचलं. आठवडाभर सगळा मजला हसत होता. भाजलेले बटाटे आणतानासुद्धा ल्यूबा म्हणायची, घ्या, पिढीला इजा नाही. आत्ताही ती तेच म्हणून हसली, आणि बुरुल हसत नाही असं पाहून दार ओढून निघून गेली. बुरुलने लिहिलं: पाचव्या हाडाच्या मानेशी भंग. मग तिची नजर बाकीच्या हातावरून फिरली. बोटांचे सांधे स्वच्छ होते. कडा गुळगुळीत, मधली फट सगळीकडे सारखी, कुठे झीज नाही, कुठे वाढलेलं हाड नाही. चौदाव्या वर्षापासून तिचा हा मुलगा बोटं मोडत होता. तिने लिहिलं: इतर मुऊन शाबूत. हेच वाक्य तिने याआधीही एकदा लिहिलं होतं, दुसऱ्या एका पंजाखाली, ज्याची करंगळी अशीच कललेली होती.

तो नवऱ्याचा पंजा होता. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं. लग्न होऊन या शहराच्या कडेच्या घरात आली त्या दिवशीच सासूने पांढरा रुमाल डोक्यावर बांधता बांधता सांगितलं होतं की सून नवऱ्याचं आणि सासरच्या मोठ्यांचं नाव घेत नाही, आणि नावातला शब्दही उच्चारत नाही. त्याचं नाव सबिर. सबिर म्हणजे सबूर. म्हणजे तो शब्दच बुरुलच्या तोंडातून गेला. दवाखान्यात हात मोडलेली पोरं किंचाळायची तेव्हा सगळे डॉक्टर म्हणत, सबूर, सबूर, आणि बुरुल म्हणायची, दम धर, थोडा दम धर. सासूला मात्र तो शब्द मोकळा होता, तिनेच तो ठेवला होता. संध्याकाळी कोळशाच्या धुराने अंगण काळवंडलं की सबिर आत येऊन भिंतीला टेकून बसायचा आणि बोटं मोडू लागायचा. आधी डाव्या हाताची करंगळी, मग अनामिका, मग मधलं, मग तर्जनी. अंगठा शेवटी, जरा थांबून. मग उजवा हात. उजवं मधलं बोट वाजत नसे. ते न वाजलेलं बोट तो दोनदा, तीनदा ओढून पाही, आणि तेवढा वेळ सगळं घर श्वास धरून असे. सासू कणीक मळत असायची. ती म्हणायची, "थकलाय गं. हात मोकळे करतोय." हात मोकळे व्हायचे. भिंतीवरचा गालिचा बुरुलच्या पाठीला खरखरीत लागायचा, त्यातलं लाल नक्षीचं शिंग तिच्या डोळ्यांपुढे मोठं व्हायचं, आणि कणीक मळण्याचा आवाज थांबायचा नाही. ते तिला सगळ्यात लख्ख आठवायचं, कणकेचा आवाज, पातळ झालेल्या पिठाचा तो ओला चप्-चप्. नंतर सासू तिच्या दंडावरच्या वळांना मेंढीची चरबी लावायची, प्रेमाने लावायची, आणि म्हणायची, "सबिर कर, पोरी." बुरुलला कळत नसे की ती मुलाचं नाव घेतेय की सल्ला देतेय.

बुरुल म्हणजे वळ, दिशा बदल. चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने हे नाव ठेवलं, म्हणजे नशीब वळेल आणि पुढचा मुलगा होईल. झालाही. नावाचं काम पुरं करून ती बाजूला झाली, अभ्यास करत राहिली, आणि लग्नानंतरही तिने अभ्यासच केला. इतर बायका मौलवीकडे गेल्या असत्या, ती वाचनालयात गेली. सांध्यातल्या पाण्यासारख्या द्रवात विरघळलेला वायू असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. पोकळी विरघळेपर्यंत तोच सांधा पुन्हा वाजत नाही. हे वाचून तिला त्याचं न वाजणारं बोट समजलं: कामावरून येताना वाटेत त्याने ते आधीच मोडलेलं असायचं. मग तिने पुढे वाचलं. आयुष्यभर बोटं मोडणाऱ्यांचे हात कुणी कुणी तपासले होते, आणि तिला वाचायचं होतं ते कुणीच लिहिलं नव्हतं. झीज व्हावी, सांधे सुजावेत, बोटं वेडीवाकडी होऊन आखडावीत, मूठ मिटूच नये, असं कुठे तरी लिहिलेलं असेल म्हणून ती पानं उलटत राहिली. शेवटी तो बर्फावर घसरून मनगट दुखावून घेऊन आला तेव्हा तिने मनगटाबरोबर अख्ख्या पंजाचा फोटो काढवून घेतला. दिव्यासमोर फिल्म धरली. पंधरा वर्षं रोज मोडलेले सांधे नुकत्याच घासलेल्या चमच्यांसारखे चमकत होते. तिने लिहिलं: सांधे शाबूत. त्या दिवशी तिला रडू आलं होतं, आणि सहकाऱ्यांना वाटलं, नवऱ्याच्या काळजीने. तिच्या डाव्या हाताच्या कोपराखालच्या हाडावर त्याआधीच एक जुनी गाठ होती. ते हाड तिथे मोडतं ते हात डोक्यावर आडवा धरल्यावरच. अहवालात तेव्हा 'बर्फावर पडून' असं लिहिलं गेलं होतं. तोच सबिर सणाला मेंढीचे सांधे सोडवायचा तेव्हा शेजारी बघायला यायचे. सुरीचं टोक सांध्यात असं घालायचा की मांडी आपणहून गळून पडे. मेंढीचं हाड तोडणं हा तिचा अपमान असतो असं तो मुलाला शिकवायचा, आणि एकाही मेंढीचं एकही हाड त्याने कधी तोडलं नाही. मग एका हिवाळ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन तो मेला. सासू त्याआधीच गेली होती. घर शांत झालं. मुलगा अदिलेत तेव्हा वयात आला होता, आणि भिंतीला टेकून बसला की डाव्या करंगळीपासून सुरुवात करायचा. बुरुलला ते ऐकू आलं की ती स्वतःला सांगायची: वायू आहे.

खाली प्लास्टरच्या खोलीबाहेर अदिलेत बाकावर बसला होता. अंगात चामड्याचं जाकीट, उजवा हात टॉवेलात. आईला, त्याच्या आपाला, पाहून तो उठला.

"आपा, तुला कशाला खाली यायला लावलं त्या ल्यूबाने? किरकोळ आहे."

"दाखव."

"दाखवलाय की फोटोत."

"हात दाखव."

त्याने टॉवेल काढला. बाहेरची कड निळी होऊन सुजली होती, करंगळीचा उंचवटा बसला होता. उंचवट्याच्या कातडीवर कसलाही ओरखडा नव्हता. लाकडाने किंवा विटेने कातडी फाटते. हे ज्यावर आपटलं होतं ते मऊ कातडीखालचं हाड होतं.

"कुठलं दार?"

"गाडीचं. मागचं."

"दाराने बोटं चेचतात. हे चेचलेलं नाही."

"तू डॉक्टर आहेस की पोलीस?" तो हसला, आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "का? बायको काही बोलली का तुला?"

बुरुलने त्याचा हात आपल्या उजव्या तळव्यावर घेतला आणि डावा अंगठा त्या जागेवर ठेवला. तपासताना जेवढं दाबायचं असतं तेवढं दाबलं. मग आणखी दाबलं. कातडीखाली हाडाची दोन टोकं एकमेकांवर सरकली, कडक बर्फावर बूट घासावा तशी, आणि तो बारीक कर्कश थरार तिच्या अंगठ्यातून कोपराखालच्या जुन्या गाठीपर्यंत चढला. त्यात वायू नव्हता. हे खरं मोडणं होतं. तिला थांबायचं नव्हतं. ते हाड तिने तिच्या पोटात घडवलं होतं, दूध पाजून टणक केलं होतं, आणि आता ते अंगठ्याखाली पिठासारखं हलवत राहावं, त्याच्या तोंडून तिने स्वतः कधी काढला नव्हता तो आवाज निघेपर्यंत हलवावं, एवढंच तिला हवं होतं. "आपा!" तो ओरडला आणि त्याचा डावा हात उठला. मूठ मिटलेली, कोपर मागे ओढलेलं, नेम तिच्या तोंडावर. तिचा हात आपोआप डोक्यावर आडवा गेला. तिथेच दोघं थबकली. आत प्लास्टरवाला पट्ट्या भिजवत होता, पाणी निथळत होतं. अदिलेतने मूठ खाली घेतली.

"दुखलं गं," तो म्हणाला. "हात आपोआप उठला."

हे वाक्यही त्याचं नव्हतं, बापाचं होतं. बुरुलने हात डोक्यावरून खाली आणला, प्लास्टरवाल्याला कोन सांगितला, वर जाऊन कोट घेतला आणि टॅक्सीत बसली.

शहरावर कोळशाचा धूर इतका खाली उतरला होता की समोरच्या गाडीचे दिवेच तेवढे दिसत होते. टॅक्सीवाला सरकारला शिव्या घालत होता, ती हो हो म्हणत होती. तिला सुनेचा, कुंदुझचा, प्रश्न आठवत होता. शरदातली दुपार होती, सून आणि ती दोघी मिळून शेवया कापत होत्या. कुंदुझ डोंगरातल्या नारिनकडची, पहिलीच्या मुलांना शिकवायची. लग्नानंतर शाळा सुटली, 'घरात काम काय कमी आहे' म्हणून. हसरी होती, कणीक लाटताना शाळेतली गाणी म्हणायची. हल्ली म्हणत नव्हती, हे बुरुलला आत्ता, धुरात, लक्षात आलं. त्या दुपारी कुंदुझ सुरी न थांबवता म्हणाली होती, "आपा, एक विचारू? सारखी बोटं मोडली तर सांध्यांना काही होतं का?" आणि बुरुल खुश झाली होती. घरात कुणी पहिल्यांदाच तिला तिच्या विषयातलं विचारत होतं. तिने सगळं समजावून सांगितलं, द्रव, दाब, पोकळी, ती विरघळायला लागणारा वेळ. पिठाच्या गोळ्यात बोट खुपसून दाखवलं. कुंदुझने ऐकून घेतलं.

"म्हणजे कितीही वर्षं मोडली तरी काही होत नाही?"

"काही नाही. मी स्वतः पाहिलंय."

"कुणालाच काही होत नाही?"

"कुणालाच नाही," बुरुल म्हणाली होती, आणि शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या होत्या.

घरात शिरताच तिला लाटण्याचा आवाज ऐकू आला. कुंदुझ स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. रुमाल डोक्यामागे न बांधता हनुवटीखालून घेतला होता, दात दुखणाऱ्या बायका बांधतात तसा.

"आलात आपा? लवकर? चहा टाकते." शब्द दातांमागेच सपाट होऊन येत होते. "आज शेवया अगदी बारीक लाटल्यात. गिळल्या की झालं, चावायचं कामच नाही."

"इकडे बघ."

कुंदुझ वळली. हनुवटीच्या डावीकडे एक डाग होता, लहानसा, नाण्याएवढाही नाही. बुरुलने हात धुतले. पाणी बर्फासारखं होतं म्हणून तळवे बगलेत धरून गरम केले.

"तोंड उघड."

तोंड दोन बोटंही उघडलं नाही, आणि उघडताना जबडा उजवीकडे सरकला. मिटल्यावर वरचे दात खालच्यांना भेटत नव्हते. बुरुलने दोन्ही कानांपुढे एकेक बोट ठेवलं आणि पुन्हा उघडायला सांगितलं. कुंदुझच्या डाव्या कानापुढे सांध्याचा गोळा पुढे सरकला. उजव्या कानापुढे काहीच हललं नाही. मार हनुवटीला डावीकडून बसतो आणि जबडा दूर तिकडे, उजव्या कानाशी, सांध्याच्या मानेत मोडतो. हे ती दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायची. फोटोची गरज नव्हती. बोट तिथेच ठेवून ती उभी राहिली. तर बोटं मोडण्याचा सांध्यावर परिणाम होतो. ज्या हातांवर ती शोधत होती त्यावर तो कधीच दिसला नसता, तो इथे होता, बावीस वर्षांच्या मुलीच्या कानापुढे, तिच्या बोटाखाली. मुऊन शाबूत, असं तिने आजच सकाळी लिहिलं होतं.

"कधीपासून?"

"पहिल्या हिवाळ्यापासून."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं की," कुंदुझ म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, कुठलं भांडं कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. "बोटांचं विचारलं होतं ना तुम्हाला." मग ती लाटण्याचं पीठ पुसू लागली. "जाऊ द्या आपा. आता तुम्ही म्हणाल, अतांच्या नावाचं ते कर."

बुरुलला आधी कळलंच नाही. मग कळलं. अता म्हणजे सासरे, आणि सासऱ्याचं नाव सुनेला घेता येत नाही, म्हणून सबूर हा शब्द कुंदुझलाही बंद होता. न पाहिलेल्या सासऱ्याचं नाव तिने असं आडवळणाने घेतलं होतं, आणि वाकड्या तोंडाने ती हसतही होती, कारण गंमत होतीच. बुरुलच्या तोंडून हसू फुटलं, खोकल्यासारखं. हसता हसता तिला ऐकू आलं की या स्वयंपाकघरात आत्ता कणकेचा आवाज होत नाहीये. थांबलाय.

फाटक वाजलं. अदिलेत आत आला, प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, बूट न काढता. त्याने दोघींकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून बसला.

"चहा देणार का कुणी? की दोघी मिळून माझी उत्तरक्रिया करताय?" चुलीवर किटली उकळत राहिली. "काय आपा? पडली ती. जिन्यावरून. विचार तिला."

"आपल्या घराला जिना नाही," बुरुल म्हणाली.

त्याने डावा हात मांडीवर ठेवला आणि त्याच हाताच्या अंगठ्याने करंगळी दाबली. ती वाजली. अनामिका वाजली. बुरुलच्या मानेवरचे केस उभे राहिले; शरीराला कुणी वाचून दाखवलं नव्हतं की तो वायू आहे. मधलं बोट वाजलं. तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, आवाज मोठा करून टेबलावर पिठात ठेवला आणि पोलिसांचा नंबर दाबला.

"कुणाला करतेयस?" तो उठला. "आपा, ठेव तो. वेडी झालीस का? सगळी गल्ली तोंडात शेण घालेल. मी तुझा मुलगा आहे."

"आहेस."

"बापाच्या वेळी तर गप्प बसलीस! तेव्हा कुठे होते तुझे पोलीस?" त्याने स्टुलाला लाथ घातली, ते चुलीवर जाऊन आपटलं, किटली उलटली, उकळतं पाणी जमिनीवर पसरून वाफाळलं. फोनमध्ये घंटी वाजत होती. तो टेबलाकडे आला. बुरुलने कुंदुझच्या हातातलं लांब लाटणं घेतलं आणि त्याच्या प्लास्टरवर ठेवलं. मारलं नाही, फक्त टेकवलं, बरोबर त्या जागेवर.

"प्लास्टर ओलं आहे अजून," ती हळू म्हणाली. "मी इथे मारलं तर आतलं टोक कुठे जाईल ते मला माहीत आहे. कुठली नस तुटेल तेही. ही मूठ पुन्हा मिटणार नाही. मला फार वर्षांपासून तेच हवंय, अदिलेत. माझा भरवसा धरू नकोस."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यालाच तो घाबरला असावा. तो मागे सरकला आणि त्याची पाठ गालिच्याला टेकली, त्या लाल शिंगाला. लाटणं तिने खाली घेतलं नाही.

फोनमधून एका तरुण बाईचा आवाज आला. बुरुलने पत्ता सांगितला, जबडा मोडलाय म्हणून सांगितलं, मी डॉक्टर आहे म्हणून सांगितलं.

"ज्यांना मारलंय त्या बोलू शकतात का? मारणाऱ्याचं नाव त्यांच्याकडूनच हवंय."

बुरुलने कुंदुझकडे पाहिलं. कुंदुझने नवऱ्याला आजवर 'तुमचा मुलगा' म्हटलं होतं, 'ते' म्हटलं होतं. ती टेबलावर वाकली. रुमाल सुटून पिठात पडला. तोंड उघडताना उजवा सांधा अडला, मग आत काहीतरी कट्कन वाजलं आणि ती कळवळली.

"अदिलेत," ती म्हणाली.

भिंतीशी उभ्या त्या माणसाने दचकून वर पाहिलं. स्वतःचं नाव बायकोच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"पूर्ण नाव सांगा. कुणाचा मुलगा?"

कुंदुझने ओठ हलवले आणि मिटले. ते नाव तिचं नव्हतं. तिने सासूकडे पाहिलं. जमिनीवर सांडलेल्या पाण्याची वाफ हळूहळू विरत होती. बुरुलची जीभ टाळूला चिकटली होती, तीस वर्षं न वापरलेल्या दारासारखी.

"सबिर," ती म्हणाली.

"ऐकू आलं नाही, आपा. मोठ्याने."

"सबिर," बुरुल मोठ्याने म्हणाली. "सबिरचा मुलगा. लिहा. सबिर उलू अदिलेत."